हार्ड डिस्कची पार्टिशनं: घरच्या कॉम्प्युटरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एक कॉम्प्युटर, त्यात एक डिस्क आणि तिच्यावर सगळ्यांचं सगळं: फोटो, अभ्यास, हिशेब, नोकरीचे अर्ज. असा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी हे पान आहे. उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. लिनक्स आणि मॅकबद्दल पुढे थोडं आहे.

पार्टिशन म्हणजे नेमकं काय? डिस्क आतून खरंच कापली जाते का?

नाही. डिस्क एकच असते आणि एकच राहते. तिच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. 'इथून इथपर्यंत पहिला भाग, तिथून पुढे दुसरा' एवढीच नोंद त्यात असते. विंडोज तो तक्ता वाचते आणि प्रत्येक भाग वेगळा ड्राइव्ह असल्यासारखा दाखवते. शेतात बांध घालतात तसंच हे. जमीन तीच, पण बांधाच्या अलीकडे नांगर फिरवला तरी पलीकडच्या पिकाला धक्का लागत नाही.

प्रत्येक भागाची फाइल सिस्टम स्वतंत्र असते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याची वही ज्याची त्याची वेगळी. म्हणून एक भाग फॉरमॅट केला, म्हणजे पुसून नव्याने मांडला, तरी दुसऱ्याची वही जशीच्या तशी राहते. पार्टिशनचे जवळजवळ सगळे फायदे यातूनच येतात.

मग सगळ्यात मोठा फायदा कोणता?

तो विंडोज पुन्हा टाकायची वेळ येते त्या दिवशी कळतो.

कॉम्प्युटरवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात. विंडोज, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर, व्हिडिओ प्लेअर या पुन्हा मिळतात. बाळाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, दहा वर्षांचा घरखर्चाचा हिशेब, अर्धवट लिहिलेला लेख या पुन्हा मिळत नाहीत. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं. एखादं अपडेट अर्धवट राहतं, व्हायरस येतो, सुरू होता होता स्क्रीन निळी पडते. पण दोन्ही गोष्टी एकाच ड्राइव्हवर असल्या की सुक्याबरोबर ओलंही जळतं. विंडोज दुरुस्त करायला ड्राइव्ह पुसावा लागतो आणि त्यावरचं सगळं त्यासोबत जातं.

माझ्या कॉम्प्युटरवर हे घडलं तेव्हा डी ड्राइव्हवर सगळे फोटो आणि लिखाण होतं. संध्याकाळी सी फॉरमॅट करून विंडोज टाकली, रात्री झोपायच्या आत ब्राउझर आणि मराठी कीबोर्ड बसवला आणि डी उघडला. फोल्डर होती तिथेच होती, अगदी फाइलींच्या तारखासुद्धा त्याच. आधी दोन दिवस कॉपी करत बसावं लागलं नाही, की 'काही राहिलं तर नाही ना' म्हणून जीव टांगणीला लागला नाही. पार्टिशन करण्याचा खटाटोप मी याच एका कारणासाठी करायला सांगतो. बाकीचे फायदे आहेत, पण ते वरचे.

माझ्याकडे डी ड्राइव्ह आहे. म्हणजे माझ्या फाइली वाचल्या, असं समजू का?

बहुतेकदा नाही. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही सगळी फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतात, 'युजर्स' नावाच्या फोल्डरच्या आत. डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून तो कुठल्याच ड्राइव्हवर नाही असं वाटतं, पण सी फॉरमॅट केला की तोही जातो. माझ्या वहिनीचा लॅपटॉप सुरू होईना तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "भाऊजी, माझं सगळं डी मध्ये आहे, खुशाल फॉरमॅट मारा." मी आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहिलं. डी मध्ये तिच्या प्रबंधाची दोन वर्षांपूर्वीची प्रत होती. चालू प्रकरणं, मार्गदर्शकांच्या शेऱ्यांसकट, सगळी डेस्कटॉपवर. रोज समोरच्या आयकॉनवर क्लिक करून ती काम करत होती. ते आयकॉन सी वर राहतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी प्रबंध वाचला तो पार्टिशनमुळे नव्हे, आधी डोकावून पाहिलं म्हणून.

यावर उपाय सोपा आहे. आधी डी वर प्रत्येकासाठी एकेक रिकामं फोल्डर करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, लोकेशन टॅबमध्ये जा, 'मूव्ह' दाबून डी वरचं ते फोल्डर निवडा. जुन्या फाइली तिकडे हलवायच्या का असं विंडोज विचारेल, हो म्हणा. डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्सचंही असंच करा. मात्र फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडू नका. मग विंडोज अख्ख्या डी लाच डॉक्युमेंट्स समजू लागते आणि तो गुंता सोडवताना नाकी नऊ येतात.

वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर ही फोल्डर आधीच वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेली असतात. अशा वेळी आधी तो बॅकअप बंद करा आणि मगच जागा बदला.

पहिला ड्राइव्ह सी का? ए आणि बी कुठे गेले?

ती दोन अक्षरं फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, सवय राहिली.

सी ला किती जागा द्यावी?

लोक इथेच हात आखडता घेतात आणि वर्षभरात पस्तावतात. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची डिस्क लागते, पण त्या आकड्यावर घर चालत नाही. अपडेट आलं की काही जीबी तात्पुरते लागतात. मोठं अपडेट झाल्यावर जुनी विंडोज काही दिवस 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते. हायबरनेशनची (कॉम्प्युटर झोपवताना रॅममधलं उतरवून ठेवण्याची) आणि पेजिंगची (रॅम अपुरी पडली की वापरायची) फाइलही सी वरच असते आणि रॅम जितकी जास्त तितकी ती मोठी.

डिस्क १ टीबीची असेल तर मी सी ला २५० जीबी देतो. ५१२ जीबीची असेल तर २०० जीबी. आणि २५६ जीबीची असेल तर पार्टिशन करूच नका. तिथे दोन्हीकडे चणचण होते. त्यापेक्षा फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

डिस्क ५०० जीबीची घेतली, पण ४६५च दिसते. उरलेली जागा पार्टिशनने खाल्ली का?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. डिस्क तेवढीच आहे, मोजपट्टी वेगळी. १ टीबीची डिस्कसुद्धा याच हिशेबाने ९३१ जीबी दिसते.

कॉम्प्युटर वापरात आहे, त्यावर विंडोज आहे. आता पार्टिशन करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पण आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि लॅपटॉप चार्जरला लावा. बांध सरकवताना मधेच वीज गेली तर दोन्ही बाजूंचं नुकसान होऊ शकतं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्कची आडवी पट्टी दिसेल, तिच्यात सी चा भाग सगळ्यात लांब. त्यावर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. विंडोज थोडा वेळ मोजदाद करेल आणि एक चौकट उघडेल. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे, चौकटीत आकडा भरायचा तो सी मधून किती काढायचं याचा, सी ला किती ठेवायचं याचा नव्हे. दुसरी, आकडा एमबीमध्ये भरायचा असतो, म्हणून जीबीला १०२४ ने गुणायचं. समजा, सी ९३० जीबीचा आहे आणि तो २५० वर आणायचा आहे. काढायचे ६८० जीबी, म्हणजे भरायचा आकडा ६,९६,३२०. बटण दाबण्याआधी खालच्या ओळीत 'नंतर किती उरेल' ते दिसतं, ते एकदा वाचा.

मग पट्टीत काळ्या कडेचा 'अनअलोकेटेड' तुकडा तयार होतो. त्यावर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे पुढे जा, फाइल सिस्टम एनटीएफएस राहू द्या. नाव विचारेल तिथे 'न्यू व्हॉल्यूम' तसंच सोडू नका. 'माझ्या फाइली' किंवा असंच काही ओळखता येईल असं नाव द्या. विंडोज पुन्हा टाकताना या नावाचा उपयोग होतो.

सी मध्ये ६०० जीबी मोकळे आहेत, तरी विंडोज फार तर ३०० च काढू देते. असं का?

मोकळ्या जागेच्या मधोमध कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते: पेजिंगची, हायबरनेशनची, रिस्टोअर पॉइंटची (विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठीची) किंवा एनटीएफएसच्या स्वतःच्या वहीची. तिच्या अलीकडे बांध आणता येत नाही. हायबरनेशन, पेजिंग फाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट करणारी सोय) तात्पुरतं बंद करून, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा बघा. काम झालं की तिन्ही आठवणीने चालू करा.

आता सी भरला आहे आणि डी रिकामा आहे. डी मधली जागा सी ला देता येते का?

हे पार्टिशनचं खरं दुखणं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जागा असते, पण बांधाच्या पलीकडे.

विंडोजचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फक्त लगतच्या, उजव्या बाजूच्या मोकळ्या तुकड्यातच वाढू देतं. डी श्रिंक केला तर मोकळी जागा डी च्या उजवीकडे निघते, सी च्या शेजारी नाही, म्हणून सी वरचा 'एक्स्टेंड' पर्याय फिका दिसतो. डी मधलं सगळं बाहेर कॉपी करून डी काढून टाकायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत डी पुन्हा करायचा, हा सरळ मार्ग. कधी कधी सी च्या लगेच शेजारी विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला रिकव्हरीचा छोटा तुकडा असतो, मग हाही मार्ग अडतो आणि पार्टिशन सरकवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते हजारो फाइली प्रत्यक्ष उचलून दुसरीकडे ठेवतं, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

त्याआधी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन तात्पुरत्या फाइली काढून बघा. डाउनलोड्स डी वर न्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

फाइलींची एक प्रत सी वर आणि एक डी वर ठेवली तर बॅकअप झाला ना?

नाही. डिस्कची मोटर किंवा सर्किट गेलं की सगळी पार्टिशनं एकदम जातात. लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही गेली. खंडणी मागणारा व्हायरस सी, डी, ई असं अक्षर बघत थांबत नाही, दिसेल तो ड्राइव्ह कुलूपबंद करतो. पार्टिशन तुम्हाला विंडोजच्या बिघाडापासून वाचवतं, डिस्कच्या बिघाडापासून नाही. त्यासाठी दुसरी डिस्कच हवी, आणि एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर.

पार्टिशनमुळे बॅकअप सोपा मात्र होतो. 'काय काय कॉपी करू' हा प्रश्नच उरत नाही, डी घ्यायचा. सी आटोपशीर असेल तर त्याची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रतही लवकर निघते.

चुकून डिलीट झालेली फाइल परत मिळवायला पार्टिशनचा उपयोग होतो का?

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर होतो. फाइल डिलीट केली तरी तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही; फक्त वहीत ती जागा मोकळी मांडली जाते. नवीन काही तिथे लिहिलं गेलं की फाइल कायमची गेली. विंडोज सी वर सारखं काही ना काही लिहीत असते: अपडेट, ब्राउझरचा कॅशे, लॉग. डी वर तुम्ही लिहिलंत तरच लिहिलं जातं. म्हणून डी वरून गेलेला फोटो परत मिळण्याची शक्यता जास्त. अशा वेळी डी ला अजिबात हात लावू नका आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर सी वरच बसवा.

एसएसडीवर, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, ही आशा ठेवू नका. तिथे ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा थोड्याच वेळात साफ करून टाकते.

कॉम्प्युटर वेगाने चालेल का?

एसएसडीवर काहीही फरक पडत नाही. तिच्यात फिरणारं काही नसतं, आणि डेटा कोणत्या चिपवर ठेवायचा हे तिचा कंट्रोलर ठरवतो. झीजही सगळ्या चिपवर सारखी वाटली जाते, पार्टिशन कितीही असोत.

हार्ड डिस्कवर थोडा फरक पडतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त डेटा मावतो आणि डिस्कची सुरुवात तिथूनच होते. सी सुरुवातीला आणि आटोपशीर असला की विंडोजच्या फाइली त्याच वेगवान पट्ट्यात राहतात आणि वाचणाऱ्या हेडची धावाधाव कमी होते. पण एकाच वेळी दोन पार्टिशनांमध्ये मोठी कॉपी चालू केली तर तेच हेड इकडून तिकडे पळत राहतं. वेग हवा असेल तर विंडोजसाठी एसएसडी बसवा आणि जुनी हार्ड डिस्क डी म्हणून ठेवा. हा खर्च कारणी लागतो.

सॉफ्टवेअर डी वर बसवावं का?

सहसा नको. विंडोज पुन्हा टाकल्यावर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या) त्याच्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे डी वरचं फोल्डर शाबूत असूनही बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा बसवावंच लागतं. मोठे गेम हा अपवाद. गेम विकणाऱ्या स्टीमसारख्या ठिकाणी जुनं फोल्डर दाखवलं की गेम ओळखला जातो आणि शंभर जीबी पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

विंडोजसोबत लिनक्स ठेवायचं आहे.

मग पार्टिशन हवंच, कारण दोघांच्या फाइल सिस्टम वेगळ्या. लिनक्स सहसा एक्स्ट४ वर राहतं. त्यातही 'होम' चं पार्टिशन वेगळं ठेवलं तर पुढे दुसरं लिनक्स टाकताना तुमच्या फाइली जागच्या जागी राहतात. सी-डी चाच हा विचार तिकडेही चालतो.

दोन गोष्टी सांभाळा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत बंद होते आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं ठरतं. आणि विंडोज कधी लिनक्सचा भाग पाहून 'हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?' असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. तिला तो वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एमबीआर निवडू की जीपीटी?

जीपीटी. डिस्कच्या सुरुवातीला असणाऱ्या त्या तक्त्याचे हे दोन प्रकार. एमबीआर १९८३ च्या पीसी डॉस २.० सोबत आलं. त्याच्या तक्त्यात चारच नोंदी मावतात आणि २ टीबीच्या पुढची जागा त्याला मोजता येत नाही. जीपीटीमध्ये विंडोज १२८ पर्यंत पार्टिशनं करू देते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणजे पहिला तक्ता खराब झाला तरी सावरता येतं. विंडोज ११ ज्या यूईएफआय पद्धतीने सुरू होते तिलाही जीपीटीच लागतं.

एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट?

या तिन्ही फाइल सिस्टम आहेत. आतल्या डिस्कवर एनटीएफएस. बाहेर फिरणाऱ्या पेन ड्राइव्हवर एक्सफॅट. फॅट३२ मध्ये ४ जीबीची अख्खी फाइल मावत नाही, म्हणून मोठे व्हिडिओ अडतात.

मी काही केलं नाही, तरी १०० एमबी, ६०० एमबी अशी पार्टिशनं दिसतात. काढून टाकू?

हात लावू नका. ईएफआयचा छोटा भाग गेला तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, आणि रिकव्हरीचा भाग विंडोज बिघडल्यावर उपयोगी पडतो. एवढीशी जागा वाचवून काही हाती लागत नाही.

घरात चौघं आहेत. प्रत्येकाला वेगळं पार्टिशन देऊ का?

नको. एकाचा भाग भरतो, दुसऱ्याचा ओस पडतो. प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट करा आणि डी वर प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर. दोनच पार्टिशनं पुरेत: एक पुसता येईल असं, एक कधीच पुसायचं नाही असं.

मॅकवरही करावं का?

गरज नाही. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस ही फाइल सिस्टम आहे. त्यात एकाच कंटेनरमधले अनेक व्हॉल्यूम मोकळी जागा वाटून वापरतात, बांध घालावा लागत नाही. २०१९ च्या कॅटालिनापासून तर सिस्टमचा व्हॉल्यूम वेगळा आणि फक्त वाचण्यापुरता ठेवलेला असतो, तुमच्या फाइली दुसऱ्यात. आपण हाताने करतो ते तिथे आधीच केलेलं आहे.

विंडोज पुन्हा टाकताना डी चुकून पुसला जाऊ नये म्हणून काय करू?

'रीसेट' वापरून सगळं काढून टाकणार असाल तर 'फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह' की 'सगळे ड्राइव्ह' हे नीट पाहा. पहिलंच हवं. पेन ड्राइव्हवरून टाकत असाल तर तिथल्या यादीत सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, फक्त क्रमांक, नाव आणि आकार दिसतो. म्हणून आधीच दोन्हींचे आकार कागदावर लिहून ठेवा. डी ला नाव द्यायला सांगितलं तेही याचसाठी.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय) आपोआप चालू असतं, डी वरसुद्धा. नवी विंडोज आली की डी वर कुलूप दिसतं आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर फाइली डोळ्यांसमोर असून उघडत नाहीत. फॉरमॅट करण्याआधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की आहे का ते पाहा, ती दुसरीकडे लिहून घ्या आणि मगच पुढचं बटण दाबा.

डी उघडला, पण एका फोल्डरवर 'परवानगी नाही' असं येतं.

घाबरू नका, ते फोल्डर जुन्या विंडोजमधल्या तुमच्या अकाउंटच्या नावावर आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'कंटिन्यू' दाबा, थोडं थांबा. फोल्डर मोठं असेल तर काही मिनिटं लागतात, मधे खिडकी बंद करू नका.